फ्रिजची नाडीपरीक्षा

'रेफ्रिजरेटर'ला मराठीत 'प्रशीतक' असा एक भारदस्त प्रतिशब्द आहे. 'शीतकपाट' असाही एक आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. फडताळ, शिंके, कोनाडा यांच्या कुळात तो सहज खपून जाईल. परंतु भाषेच्या बाजारात चांगल्या मालालाच गिऱ्हाईक मिळते असे थोडेच आहे? मराठी शिकवण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाच्या घरीसुद्धा तो 'फ्रिज'च आहे. तेव्हा या लेखात मीही मुकाट्याने फ्रिजच म्हणणार आहे.

शब्दाचे एक वेळ चालेल, पण या वस्तूविषयीच्या आपल्या कल्पनेतच मोठा घोटाळा आहे. गिरणीत पीठ तयार होते तशी फ्रिजमध्ये थंडी तयार होते, असे आपण धरून चालतो. वास्तविक थंडी ही तयार करण्याची वस्तूच नाही. माठाचे पाहा. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ती माठातल्या पाण्याकडूनच उचलते. उष्णता गेली की मागे जे उरते त्याला आपण गारवा म्हणतो. फ्रिजचा धंदाही हाच; फक्त तेथे पाण्याऐवजी एक लवकर उकळणारा द्रव नळ्यांतून खेळत असतो. आतल्या नळीत त्याची वाफ होते, तेव्हा तो दुधाच्या पातेल्यातली, भाजीतली, कालच्या आमटीतली उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, आणि ती पुन्हा द्रवरूप होताना तीच उष्णता खोलीत टाकते. फ्रिजच्या पाठीशी किंवा कुशीशी हात नेला तर ऊब लागते, ती याचीच. थोडक्यात, फ्रिज हा एक हमाल आहे. आतली उष्णता पाठीवर घ्यायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढेच त्याला ठाऊक.

आता हमालाला काम कळते, पण 'पुरे' केव्हा म्हणायचे ते कळत नाही. ते सांगायला मुकादम लागतो. आणि मुकादम कचेरीत बसलेला, म्हणून कोठारात काय चालले आहे याची खबर त्याला आणून देणारा एक पोऱ्याही लागतो. फ्रिजचे तंत्र बिघडले की आपण हमालाला दोष देतो, नाही तर मुकादम बदलायला निघतो. कधी कधी हमाल धडधाकट असतो, मुकादमही शुद्धीवर असतो, आणि पोऱ्या तेवढा भलतीच खबर देत असतो. या लेखाचा नायक म्हणा की खलनायक म्हणा, तो हा पोऱ्या आहे.

१९५८ साली गोदरेज कंपनीने आपल्या देशात फ्रिज बनवायला सुरुवात केली. त्या पिढीच्या फ्रिजमध्ये हे काम वायू भरलेली एक बारीक नळी करीत असे. आतला वायू तापला की फुगे, गारठला की आकसे, आणि त्या फुगण्या-आकसण्याने विजेचे बटण 'टक्' करून चालू किंवा बंद होई. आळीत एखादाच फ्रिज असण्याचे ते दिवस. ज्यांच्या घरी तो होता, त्यांना रात्रीच्या शांततेत ऐकू येणारा तो 'टक्' अजून आठवत असेल. ज्यांच्या घरी नव्हता, त्यांना शेजारी बर्फ मागायला पेला घेऊन गेल्याचे आठवत असेल. पुढे आत बर्फ न साठणारे, आकड्यांनी तापमान दाखवणारे फ्रिज आले. त्यांत नळी गेली आणि तिच्या जागी चिंचोक्याएवढा एक तुकडा आला. दोन तारा आणि टोकाला प्लॅस्टिकच्या टोपीत बसवलेला एक मणी. त्याचे शास्त्रीय नाव थर्मिस्टर. दुकानात त्याला 'सेन्सर' म्हणतात, आणि आमच्या कोल्हापुरात 'शेन्सर'.

या मण्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. तांब्यासारखा धातू तापला की विजेच्या प्रवाहाला त्याचा रोध वाढतो. १८३३ साली मायकेल फॅरडे यांना सिल्व्हर सल्फाइड या पदार्थात याच्या नेमका उलटा गुण आढळला: तो तापेल तसा त्याचा रोध कमी होई. योगायोग असा की त्याच १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने पाठवलेला बर्फ 'टस्कनी' जहाजातून कलकत्त्याला पोचला. निघताना १८० टन होता, वाटेत वितळून शंभरेक टन उरला, आणि तेवढ्यावरही कलकत्त्याचे साहेबलोक वेडे झाले! पुढच्या वर्षी मुंबईलाही बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाले, असे 'मुंबई समाचार'ने छापल्याचे सांगतात. एकीकडे जगाच्या पाठीवरून बर्फ वाहून नेणारा व्यापारी आणि दुसरीकडे थंडी मोजण्याची किल्ली नकळत हाती लागलेला शास्त्रज्ञ, अशी ही एकाच सालातली जोडी. त्या किल्लीचा बाजारात विकता येईल असा उपयोग व्हायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. १९३० साली अमेरिकेत सॅम्युएल रूबेन यांनी तो करून दाखवला.

तर नियम एवढाच ध्यानात ठेवायचा: मणी गार झाला की त्याचा रोध वाढतो, ऊन झाला की घटतो. निरनिराळ्या कंपन्यांचे मणी निरनिराळे, पण एका नेहमीच्या जातीचे आकडे असे आहेत: २५ अंशाला १० हजार ओहम, १० अंशाला सुमारे २० हजार, आणि बर्फाच्या शून्य अंशाला सुमारे ३३ हजार. फ्रिजचा मुकादम, म्हणजे त्याच्या पाठीमागे बसवलेला विद्युत् फलक, ज्याला सगळे 'बोर्ड' म्हणतात, तो हा रोध वाचतो आणि त्यावरून ठरवतो की आत ऊन आहे की गार. त्याला डोळे नाहीत, कातडी नाही. आकडा हेच त्याचे जग.

आता घरची हकिकत. एरवी कोल्हापूरकराला फ्रिजचे फारसे कौतुक असण्याचे कारण नाही. जेथे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळून धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला हाती देतात, तेथे कालचे दूध आज प्यायची हौस कोणाला? पण घरात मधुमेहाचे माणूस आले की फ्रिजची प्रतिष्ठा एकदम वाढते. तो चैनीचा राहत नाही, औषधाच्या कपाटाचा दर्जा त्याला मिळतो.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि बरीच वर्षे इन्सुलिनवर आहे. तिचे सगळे मोजून-मापून असते. सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचून साखर पाहायची आणि आकडा वहीत लिहायचा. तो एरवी १३०-१४० च्या घरात असे. गेल्या चैत्रात तो चढू लागला. १६०, १९०, आणि एके दिवशी २२५. जेवण तेच, फिरणे तेच, इन्सुलिनची मात्रा तीच. चैत्रगौरीचे दिवस, घरोघर हळदीकुंकू, आंब्याची डाळ आणि पन्हे. तेव्हा संशय कोणावर जाणार हे सांगायला नकोच. सांगलीहून ताईचा फोन आला, "आई, खरं सांग, पन्हं प्यालीस ना?" आई म्हणाली, "नाही ग." पलीकडून ताई हसली. त्या हसण्याने आईला जे लागले, ते साखरेच्या आकड्याने लागले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तिने हळदीकुंकवाला जाणेच बंद केले, आणि जेवणातली पोळीही एकावर आणली. आकडा काही उतरला नाही.

डॉक्टरांनी वही पाहिली. मात्रा वाढवून देतील असे वाटले होते, पण त्यांनी आधी विचारले, "आजी, बाटली ठेवता कुठं?"

"फ्रिजमध्ये. मधल्या फळीवर, अगदी आत. चांगली गार राहते तिथं."

"किती गार?"

याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. मग डॉक्टरांनी समजावून सांगितले ते प्रत्येक मधुमेही घराने ऐकण्यासारखे आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांमध्ये ठेवायचे. उन्हाने ते हळूहळू बिघडते; पण एकदा गोठले की त्याचा भरवसा संपला. ते वितळून दिसायला पूर्वीसारखे झाले तरी टाकूनच द्यायचे. आणि यातला खरा धोका पुढेच आहे. औषधात दम उरला नाही म्हणून साखर वाढली, साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवली, आणि मग घरात नवी, जिवंत बाटली आली, तर तीच वाढवलेली मात्रा साखर एकदम खाली ओढते. म्हाताऱ्या माणसाला रात्री झोपेत असे झाले तर ते जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही. नवी बाटली घ्या, दुसऱ्या कोणाच्या फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांनी वही दाखवा, एवढेच ते म्हणाले. शेजारच्या काकूंनी आपल्या फ्रिजमध्ये एक कोपरा दिला. जुन्याच मात्रेवर आठवड्याभरात आकडा १४५ वर आला.

म्हणजे रोगी आमचा फ्रिज होता. गंमत पाहा: फ्रिज गार करीत नसला की घरात कसा आरडाओरडा होतो! दूध नासते, भाजी आंबते, दुपारपर्यंत मेस्त्रीला बोलावणे जाते. परंतु फ्रिज जास्त गार करू लागला तर त्याची तक्रार कोणी करीत नाही. ऐन उन्हाळ्यात पाण्याच्या बाटलीत बर्फाचे चार कण तरंगताना दिसले तर उलट त्याचे कौतुकच होते. लक्षणे सगळी समोर होती. कोथिंबीर काचेसारखी होऊन हातात मोडत होती, काकडी पिळली तर पाणी गळत होते, दह्याच्या कडेला खडे होते, आणि फ्रिजची घरघर रात्रंदिवस थांबत नव्हती. पण बिघाडाचा चेहरा गुणासारखा असला की तो ओळखायला वेळ लागतो.

पहिल्याने कंपनीचा माणूस आला. तरुण, नम्र, आणि दिवसाला दहा घरे करायची म्हणून सतत घड्याळाकडे पाहणारा. त्याने दाराचे रबर पाहिले, आतली टोपी काढली, सेन्सरची जोडणी सोडवली आणि मीटर लावला. खोलीत २८ अंश होते. त्या तापमानाला मण्याचा रोध पावणेनऊ हजारांच्या आसपास हवा. मीटर साडेसात हजार दाखवीत होता. "थोडाफार फरक असतो सर, सेन्सर ठीक आहे. बोर्ड गेलाय," असे सांगून तो साडेसहा हजारांचा अंदाज लिहून देऊन गेला. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. खोलीत बसून पाहिले तर खरोखरच फरक थोडाफार होता.

दुसरे मत घ्यावे म्हणून शिवाजी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रीला बोलावले. उद्यमनगराविषयी बाहेरगावच्या वाचकांना एवढेच सांगतो की, तेथे यंत्र उघडून पाहणे हा कोणी पराक्रम समजत नाही. लेथचा आवाज ऐकत वाढलेल्या पोरांचा तो भाग आहे. आणि ही खोड गावाला जुनीच आहे. बाबूराव पेंटरांनी चित्रपट काढायचा म्हणून कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच घडवला होता. असो. आमचा हा मेस्त्री पन्नाशीचा, अबोल, कानावर पेन्सिल खोचलेला. सेन्सरचे दुखणे आपण पुराच्या वर्षी शिकलो, असे तो म्हणाला. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपर्यंत आले, आणि नंतर त्याच्याकडे भिजलेल्या फ्रिजची रांग लागली. वाळवून, पुसून चालू केलेले फ्रिज महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा वेड्यासारखे वागू लागले. "मोटर चांगली, बोर्ड नवा, तरी बी येडं. मग एकेक शेन्सर बर्फात घालून बघितला, तवा कळलं."

त्याने प्रथम फ्रिजला हातच लावला नाही. पिशवीतून एक काचेचा थर्मामीटर काढला आणि आमच्या सौभाग्यवतींकडे बर्फ मागितला. बर्फ फोडून पेल्यात भरला, वर थोडे पाणी घातले, ढवळले आणि पाच मिनिटे थर्मामीटर त्यात उभा केला. पारा शून्यावर. "ह्यो खरं बोलतोय. आता ह्याला इचारायचं." वितळणाऱ्या बर्फाचे शून्य अंश ही निसर्गाने फुकट दिलेली खूण आहे, आणि ती मुंबईत काय, महाबळेश्वरात काय, व्यवहारापुरती तीच राहते. उकळत्या पाण्याचे तसे नसते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे आपल्याकडे पाणी शंभर अंश गाठण्याआधीच, ९८ च्या सुमारास, उकळते. कोल्हापुरी चहाला दोन मिनिटे जास्त का लागतात, याचे हे कारण मी आजवर कोणाला पटवू शकलेलो नाही.

मग त्याने दुसरा पेला पाण्याने भरून, त्यात तोच थर्मामीटर ठेवून, फ्रिजच्या मधल्या फळीवर नेमका आईच्या बाटलीच्या जागी ठेवला आणि "उद्या येतो" म्हणून निघून गेला. हवेत लोंबणारा थर्मामीटर दार उघडल्याबरोबर थापा मारतो; पाण्यातला सावकाश तापतो, म्हणून त्याचे ऐकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पेल्यातल्या पाण्याचा गोळा झालेला! पारा उणे तीनवर. आणि फ्रिजच्या दारावर तांबड्या आकड्यांत ऐटीत लिहिलेले: ४.

आता प्रश्न असा की खोटे कोण बोलतो? बोर्ड, की त्याला खबर देणारा? तिसराही एक आरोपी होता. बर्फ न साठणाऱ्या फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्यातली गार हवा खाली सोडायला एक लहानशी झडप असते. ती उघडी अडकली तरी खालचे सामान गोठते. मेस्त्रीने जे केले ते पाहून मला न्यायालयातल्या उलटतपासणीची आठवण झाली. त्याने सेन्सरच्या दोन तारा बोर्डापासून सोडवल्या आणि त्यांच्या जागी ३३ हजार ओहमचा, रुपया-दोन रुपयांना मिळणारा एक साधा रोधक जोडला. म्हणजे बोर्डाच्या कानात सांगितले, "आत शून्य अंश आहे." थोड्या वेळाने आतली झडप मिटल्याचा बारीक आवाज आला, पंखा थांबला, आणि काही मिनिटांत कॉम्प्रेसरही गप्प झाला. कित्येक आठवड्यांनी आमच्या स्वयंपाकघरात शांतता पसरली. आई आतून म्हणाली, "वीज गेली का रे?"

"बोर्ड गुणाचा हाय सर," मेस्त्री म्हणाला. "त्याला जे सांगितलं, ते त्यानं केलं."

उरला पोऱ्या. मेस्त्रीने सेन्सर बर्फाच्या पेल्यात बुडवला, पाच मिनिटे थांबला आणि मीटर लावला. ३३ हजार हवे होते. मीटर २० हजारांवर स्थिर झाला. मघाचे आकडे आठवा: २० हजार म्हणजे १० अंश! मेस्त्री प्रथमच हसला. "बघा, बर्फात बसलाय, कुडकुडतोय, आन् म्हणतोय उकडतंय."

यात एक कोडे राहते, आणि मला स्वतःला सगळ्यांत रस वाटला तो त्यात. खोलीच्या उबेत हाच सेन्सर २८ ऐवजी ३२ अंश सांगत होता. चारच अंशांची लबाडी. बर्फात मात्र दहा अंशांची! असे का व्हावे? कारण मण्याच्या टोपीला बारीक चीर गेली होती आणि आत ओल शिरली होती. ओल म्हणजे दोन तारांमधली चोरवाट. शेताच्या पाटाचे उदाहरण घ्या. पाट मोठा वाहत असताना बांधाला उंदराने एक भोक पाडले, तर त्यातून जाणारे पाणी एकूण पाण्याच्या मानाने किरकोळ. पण पाटाला पाणीच बेताचे असेल, तर तेवढेच भोक मोठा वाटा पळवते. उबेत मण्यातून प्रवाह मोकळा वाहतो, तेव्हा चोरवाटेचा हिशेब नगण्य असतो. थंडीत मणी प्रवाहाला अडवतो, आणि मग ओलीच्या वाटेने जाणारा प्रवाह बोर्डाला ठळक दिसतो. बोर्ड म्हणतो, एवढा प्रवाह येतो आहे त्या अर्थी आत ऊन आहे. चला, आणखी गार करा. जितके गार करावे तितकी लबाडी वाढत जाते. त्यामुळेच हा हमाल रात्रंदिवस राबत होता, आणि त्यामुळेच खोलीत घेतलेली साक्ष खरी वाटत होती. ज्या थंडीत सेन्सरला काम करायचे, त्या थंडीतच त्याची परीक्षा घ्यायला हवी.

याच्या उलट दुखणेही असते. जोडणीवर गंज चढला की रोध वाढतो, बोर्डाला आत फार गार झाल्यासारखे वाटते, आणि तो काम थांबवतो. मग दूध नासते. तार साफ तुटली तर बहुतेक नव्या फ्रिजचा बोर्ड ते ओळखतो आणि दारावर काही तरी खुणेची अक्षरे लुकलुकवतो. तुटलेल्या सेन्सरपेक्षा थोडासा बिघडलेला सेन्सर अधिक त्रासाचा, कारण त्याचे बोलणे शक्य कोटीतले असते.

नवा सेन्सर साडेतीनशे रुपयांना मिळाला. त्याच जातीचा, त्याच आकड्यांचा हवा, नाही तर बोर्डाची आणि त्याची भाषाच जुळत नाही. मेस्त्रीने तो बसवण्याआधी बर्फात बुडवून पाहिला, ३३ हजारांच्या जवळ आला तेव्हाच जोडला, आणि जोडावर ओल शिरू नये म्हणून आवरण चढवले. जुना त्याने पात्याने उभा चिरला. आत एका तारेवर हिरवा डाग होता. आईने चष्मा लावून तो उजेडात धरून पाहिला आणि विचारले, "एवढ्याशानं?" मग तिने सांगलीला फोन लावायला सांगितला. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. दार लावून घेतले होते.

वाचकांपैकी कोणाला घरच्या घरी हे पाहायचे असेल, तर बर्फाचा पेला आणि पाण्यातला थर्मामीटर एवढे खुशाल करावे. त्याला ना शिक्षण लागते ना परवानगी. रात्रभर ठेवलेल्या पेल्यात ४ अंशांच्या आसपास दिसले की बरे. ८ च्या वर किंवा २ च्या खाली दिसले तर आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ओढून पाहावी. सहज निघाली तर रबर सैल आहे. आतली हवा येण्याची भोके डब्यांनी बुजली नाहीत ना, ते पाहावे. आत हात घालण्याचे काम मात्र मेस्त्रीचे. ते करताना वीज बंद हवी, आणि बर्फ खरवडायला सुरी तर कधीच नको. आजकालच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आयसोब्युटेन नावाचा वायू असतो. तो स्वयंपाकाच्या गॅसच्याच नात्यातला आणि तसाच पेट घेणारा आहे. नळीला भोक पडले तर गाठ त्याच्याशी आहे.

इन्सुलिनची बाटली आमच्याकडे आता मधल्याच फळीवर, पण पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात असते. मागच्या भिंतीशी गार हवेचा झोत येतो, आणि दार उघडझाकीने तापते. दोन्ही जागा वाईट. गोठल्याचा संशय असलेल्या दोन बाटल्या टाकून दिल्या, त्यांची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट होती.

मेस्त्रीकडून तो काचेचा थर्मामीटर आईने विकत मागितला. तो पैसे घेईना, तेव्हा तिने त्याला जेवूनच जायला लावले. आता दुधाच्या पातेल्याशेजारी पाण्याचा एक पेला कायम असतो आणि त्यात तो उभा असतो. दारावरच्या तांबड्या आकड्यावर तिचा विश्वास उरलेला नाही. सकाळी ती बोटाला सुई टोचते, मग चष्मा सावरून फ्रिज उघडते, पारा पाहते आणि वहीत शेजारी शेजारी दोन आकडे लिहिते: एक स्वतःचा, एक फ्रिजचा.